ठेव मोडून चाललेला संसार

डिचोली, सत्तरी आणि सांगे या गोमंतकातील तालुक्यांचे डोंगर पोखरून काढलेले लोहखनिज मांडवी-जुवारीच्या पात्रांतून बार्जींनी मुरगाव बंदराकडे कित्येक दशके वाहत राहिले. त्याने सरकारी तिजोरीत भर पडली, खाणमालक धनवान झाले आणि गावोगावच्या तरुणांना ट्रकचा धंदा मिळाला. परंतु त्याच काळात खाणींवरील टाकाऊ मातीचे ढिगारे पावसाबरोबर भातशेतीत उतरले, आणि खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेल्याने विहिरी आटल्या. शेती गेली, तिच्या जागी खाणीवरचा रोजगार आला. २०१२ मध्ये खाणी बंद पडताच तोही गेला. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा हीच कथा पुन्हा घडली.

खाणी असाव्यात की नसाव्यात, एवढ्यापुरताच वाद घालणाऱ्यांनी यातील मर्म ध्यानी घेणे अगत्याचे आहे. पीक दरवर्षी येते; खनिज एकदाच निघते. त्याच्या विक्रीचा पैसा हे उत्पन्न नसून मोडलेली ठेव होय. घरातले सोने विकून रोजचा बाजार करणाऱ्या कुटुंबास कोणी सुखवस्तू म्हणत नाही.

हे तत्त्व आता मान्य झाले आहे. गोव्यातील लोहखनिजाच्या विक्रीतील १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी स्थायी निधीत ठेवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये दिला. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण केली. जुन्या पट्टेदारांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी व लिलावाने पट्टा मिळविणाऱ्यांनी १० टक्क्यांइतकी रक्कम त्यांत निराळी भरावयाची आहे. पिण्याचे पाणी, आरोग्य व शिक्षण यांवरील खर्चास अग्रक्रम आहे.

कायदा झाला, पैसाही आला. मात्र तो खर्च करण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न उरतोच. अनुसूचित क्षेत्रांतील खाणबाधित गावांसाठी आखलेल्या योजनांना ग्रामसभेची मंजुरी आवश्यक ठरविण्यात आली आहे. गोव्यात अनुसूचित क्षेत्र नाही. त्यामुळे तेथील खाणग्रस्त गावास हा अधिकार आपोआप लाभत नाही. २०२२ मध्ये नव्याने लिलाव सुरू झाले असता ही उणीव अधिकच जाणवते. कोणती विहीर आटली आणि कोणाचे शेत गाळाने भरले, हे गावाइतके जिल्ह्याच्या कचेरीस ठाऊक नसते. निधीचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जावा आणि तिच्या संमतीवाचून पैसा खर्ची पडू नये, ही मागणी म्हणूनच रास्त आहे. डोंगर परत मिळणार नाही; त्याच्या मोबदल्यावर तरी त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचा शब्द चालला पाहिजे.