घराचं काम निघालं, मांजरीचं काय?

संक्रांत झाली की गावोगावी घरांची कामं निघतात. कुणाचं घरकुल मंजूर झालेलं असतं, कुणी पत्रे काढून स्लॅब टाकायचं ठरवतं, कुणी लेकीचं लग्न जमलं म्हणून फरशी आणि रंग काढतं. कोकणात पावसाच्या तोंडावर कौलं चाळायची घाई असते. कामाआधी आपण सगळ्याचा हिशेब मांडतो. सिमेंटच्या गोण्या किती, वाळू किती ब्रास, गवंड्याची मजुरी, बिगाऱ्यांचा चहा. धान्य कुठं हलवायचं, शेळ्या कुठं बांधायच्या, म्हाताऱ्या सासूबाईंची खाट कुठं टाकायची, हेही ठरतं. मांजरीचा विचार मात्र राहून जातो. ती आपली आपण बघेल, असं आपण धरून चालतो.

काम संपत येतं आणि मग कुणीतरी विचारतं, "अगं, आपली मनी कुठं दिसत नाही?" तोवर दहा-बारा दिवस होऊन गेलेले असतात. ज्या घरात वर्षाची ज्वारी, गहू नाहीतर भात भरून ठेवलेला आहे, त्या घराला हे परवडत नाही. उंदराची मादी साधारण 3 आठवड्यांत विते आणि एका वेताला पाच-सहा किंवा जास्तही पिल्लं देते. मांजर गेली की पोत्यांना भोकं पडायला वेळ लागत नाही. आणि धान्याचं सोडा, जी मांजर रोज संध्याकाळी चुलीपाशी येऊन बसते तिचाही आपल्यावर काही हक्क आहेच. म्हणून आज आपण बांधकाम चालू असताना मांजर कशी सांभाळायची, हे बोलणार आहोत.

मांजर एवढी का घाबरते?

माणसाला एका सेकंदात 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजरीला 60 हजारांच्याही वरचा ऐकू येतो. बिळातल्या पिल्लांची बारीक चूंचूं तिला ऐकू येते ती त्यामुळंच. आता त्याच कानांशेजारी फरशी कापायचं कटर चालतं, भिंतीला छिन्नी बसते, तेव्हा काय होत असेल याचा विचार करा. आपण कानात बोटं घालतो, ती पळून जाते.

दुसरी गोष्ट वासाची. मांजर चौकटीला, खांबाला, आपल्या पायांना गाल घासते ते नुसतं लाडानं नाही. गालाजवळच्या ग्रंथींचा वास ती तिथं लावून ठेवते. आपल्याला तो येत नाही, तिला येतो. हे घर माझं आहे, इथं भीती नाही, असं तिला तो वास सांगतो. आपण जुना गिलावा खरवडतो, चौकट बदलतो, रंग लावतो, तेव्हा तिच्या लेखी घराची खूणच पुसली जाते. त्यात परकी माणसं, सामान हललेलं, जेवणाची वेळ चुकलेली. अशा वेळी ती माळ्यावर दडून बसली किंवा कोपऱ्यात मुतली, तर तो तिचा खोडसाळपणा नसतो. ती घाबरलेली असते.

कामाच्या आधीचा आठवडा

शहरातल्या लोकांना सांगतात की मांजरीला वेगळ्या खोलीत ठेवा. आपलं घरकुलच मुळी 25 चौरस मीटरचं, त्यात वेगळी खोली कुठून आणायची? पण दार लागेल अशी एखादी जागा शोधली तर सापडते. धान्याची खोली, न्हाणी, गोठ्यालगतची वैरणीची खोली, नाहीतर शेजारच्या जाऊबाईंच्या घरातला एक कोपरा. जागा निवडताना तीन गोष्टी बघा. तिथलं काम सगळ्यात शेवटी निघणारं असावं. वारा खेळता असावा. आणि चैत्र-वैशाखात बंद पत्र्याच्या शेडमध्ये मांजर अजिबात कोंडू नका. दुपारी तिथं इतकं तापतं की जीव जाऊ शकतो.

त्या जागेत एक खोकं आडवं ठेवा आणि त्यात तिची नेहमीची गोधडी टाका. ती धुऊ नका, तिच्यातला जुना वासच तिला धीर देतो. एका बाजूला पाणी आणि खाणं, दुसऱ्या बाजूला घमेल्यात वाळू किंवा कोरडी माती. राख नको, ओली राख पायाला झोंबते. ज्या कोपऱ्यात खायचं त्याच कोपऱ्यात मांजर घाण करत नाही, म्हणून दोन्ही लांब ठेवा. काम सुरू व्हायच्या आठवडाभर आधीपासून तिला तिथंच खाऊ घाला. मग कामाच्या दिवशी ओढत न्यावं लागत नाही. सकाळी गवंडी यायच्या आत खाऊ घालून दार लावायचं, संध्याकाळी काम थांबलं, जागा झाडून झाली, की उघडायचं. खाण्यात बदल करू नका. लाडानं जास्त दूध पाजू नका, बऱ्याच मोठ्या मांजरींना ते पचत नाही आणि हगवण लागते.

काही मांजरी अर्ध्या रानटी असतात, हाताला लागत नाहीत. त्यांना कोंडायच्या भरीस पडू नका. कामापासून लांब, परड्यात किंवा गोठ्यामागं, एक जागा आणि वेळ ठरवून रोज तिथंच खाणं ठेवा. खायला मिळतंय म्हटल्यावर मांजर फार लांब जात नाही.

काम चालू असताना

सगळ्यात आधी गवंड्याला आणि बिगाऱ्यांना सांगा की घरात मांजर आहे. सांगितलं की माणसं लक्ष ठेवतात. स्लॅब भरायच्या आधी सेंट्रिंगच्या फळ्यांखाली आणि कोपऱ्यात डोकावून बघायला सांगा. नळ्यांची तोंडं रात्री फडक्यानं बांधा. फरशीखालची पोकळी, भिंतीतलं कपाट, दिवाण, मोठी पेटी बंद करण्याआधी मांजर बाहेर आहे ना, हे डोळ्यांनी बघा. घाबरलेली मांजर अंधाऱ्या फटीत शिरते आणि आवाज न करता तिथंच बसून राहते.

वाळूचा ढीग म्हणजे मांजरीला आयता संडास. त्यावर ताडपत्री टाकून कडेला विटा ठेवा. क्यूरिंगच्या पाण्याचं टाकं, हौद, शोषखड्डा झाका. झाकण नसेल तर आत एक खडबडीत फळी तिरकी सोडा, पडलेली मांजर तिच्यावरून वर येईल.

ओलं सिमेंट आणि चुना दोन्ही कातडी भाजणारे आहेत. बिगाऱ्यांचे हात कसे फाटतात, ते आपण बघतोच. मांजरीच्या पायाला ते लागलं की ती चाटते आणि तोंड, जीभ भाजते. असं झालं तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं पाय धुवा. लिंबू, व्हिनेगर काही लावू नका. ऑइलपेंट लागला तर टर्पेंटाइन, थिनर, रॉकेल यांतलं काहीही वापरू नका, तेही विषारीच आहे. खायचं तेल चोळून रंग सैल करा, मग साबणाच्या पाण्यानं धुवा. वाळलेला रंग असेल तर तेवढे केस कापून टाका. धुऊन होईपर्यंत तिला चाटू देऊ नका, फडक्यात गुंडाळून धरा.

घर धुताना फिनाइल वापरलं तर फरशी पुन्हा साध्या पाण्यानं पुसा आणि वाळू द्या. पाण्यात पांढरं होणारं फिनाइल मांजरीला विशेष बाधतं, कारण ते पचवून बाहेर टाकायची ताकद तिच्या यकृतात फार कमी असते. वाळवीची फवारणी करणाऱ्याला औषध कोणतं ते विचारा आणि जागा पूर्ण सुकेपर्यंत मांजरीला आत सोडू नका. परमेथ्रिनसारखी काही औषधं माणसाला आणि कुत्र्याला फारशी बाधली नाहीत तरी मांजरीला जीवघेणी ठरतात. अंग थरथरणं, लाळ गळणं ही त्याची लक्षणं.

आणखी एक. पाया खणला, भिंत पाडली की उंदीर बाहेर पडतात आणि लगेच कुणीतरी विषाची पुडी आणतं. मांजर ती पुडी खाईलच असं नाही, पण विष खाऊन मंदावलेला उंदीर तिला सहज सापडतो आणि त्यातलं विष तिच्या पोटात जातं. घरात मांजर असेल तर पिंजरा लावा. विष नकोच. शेजाऱ्यांनाही सांगा, कारण उंदीर बांध बघून फिरत नाही.

पिल्लं असतील तर

मांजर सात घरं पिल्लं फिरवते, असं आपल्या आया-आज्या सांगायच्या. जागा सुरक्षित वाटेना की ती पिल्लं तोंडात धरून हलवते, एवढाच त्याचा अर्थ. मांजरीचे दिवस साधारण 9 आठवडे असतात. पिल्लांचे डोळे उघडायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, आणि सहा-आठ आठवडे ती आईवर असतात. पोटुशी मांजर असेल तर माळ्याचं, कपाटाचं काम आधी उरकून घ्या, नाहीतर ती नेमकी तिथंच विणार. काम सुरू असताना पिल्लं सापडली तर त्या भागाचं काम दोन-चार दिवस पुढं ढकलता येतं का बघा. नाहीच जमलं तर त्यांच्या खालच्या फडक्यासकट सगळी पिल्लं एकदम उचला आणि आईच्या डोळ्यांदेखत शांत जागी ठेवा. अर्धी इथं, अर्धी तिथं असं करू नका. मोकळी पिल्लं पाहिली म्हणून टाकून दिली असं समजू नका. आई जवळपास असते, माणसं हलली की येते.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

एक दिवस मांजर नीट जेवली नाही तर लक्ष ठेवा. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवा. उपाशी राहिलेल्या मांजरीचं, त्यातून ती जाडजूड असेल तर, यकृत बिघडतं. बोका असेल तर त्याच्या मुतण्याकडं बघा. ताणानं बोक्याची लघवी अडू शकते. तो पुन्हा पुन्हा बसतो, ओरडतो, पण थेंब पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. दोन-तीन दिवसांत त्यानं जीव जातो. विष किंवा रंग पोटात गेला असेल तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका, डबा किंवा पुडीचा कागद घेऊन जा. आणि घरातली तापाची पॅरासिटामॉल गोळी मांजरीला कधीही देऊ नका, एका गोळीनंही ती मरू शकते. फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी 1962 हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

आता आपल्या स्वतःबद्दल. घाबरलेल्या मांजरीला उघड्या हातानं धरू नका, जाड गोधडी टाकून उचला. कोंबड्यांचं डालगं पालथं घालूनही पकडता येते. चावली किंवा ओरखडा काढला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि रेबीजच्या सुया डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना घ्या. आपलीच मांजर आहे, काय होतंय, असं म्हणू नका. घरात गरोदर बाई असेल तर मांजरीची घाण तिनं काढू नये. त्यातून पोटातल्या बाळाला बाधणारा आजार होऊ शकतो. दुसऱ्या कुणीतरी घमेलं रोजच्या रोज साफ करावं आणि हात साबणानं धुवावेत.

काम संपल्यावर

नव्या घरात मांजरीला एकदम मोकळं सोडू नका. आधी जमिनीवरचे खिळे, तारांचे तुकडे, काचा वेचून घ्या. रंगाचा वास जाऊ द्या. मग एका खोलीपासून सुरुवात करा. तिची जुनी गोधडी तिथं ठेवा. एखादं मऊ फडकं तिच्या गालावरून फिरवा आणि तेच नव्या चौकटीच्या खालच्या भागाला घासा, म्हणजे तिचाच वास तिला भेटेल. गाव नाहीतर वस्ती बदलून लांब राहायला गेला असाल तर दोन-तीन आठवडे तिला घरातच ठेवा. नाहीतर ती जुन्या घराच्या ओढीनं निघते आणि रस्त्यात सापडते. पहिल्यांदा बाहेर सोडताना तिच्या जेवणाच्या वेळेआधी सोडा, भूक तिला परत आणते.

मैत्रिणींनो, या सगळ्याला पैसे लागत नाहीत. एक खोकं, एक घमेलं, जुनी गोधडी आणि थोडं लक्ष. पुढच्या बैठकीत कुणाच्या घरी काम निघणार आहे ते विचारून घ्या. जिच्या घरी जागा नाही तिची मांजर पंधरा दिवस कुणी ठेवून घ्यायची, हेही गटातच ठरवा. आपण एकमेकींची पोरं सांभाळतो, हे तर मांजर आहे.