बावड्याची थंडी का येते-जाते?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात थंडी सलग टिकत नाही. चार दिवस शेकोटी पेटते, पाचव्या दिवशी स्वेटर नकोसा होतो. याचं कारण वाऱ्याची दिशा.

पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी प्रणाली, हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकली की उत्तरेकडचा कोरडा, गार वारा महाराष्ट्रात उतरतो. आभाळ निरभ्र होतं, दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर उष्णता सोडते. गार हवा जड असल्याने सखल भागात साचते. म्हणून राजाराम बंधाऱ्याच्या बाजूला, पंचगंगाकाठच्या उसात, पहाटे गावापेक्षा जास्त गारठा आणि धुकं असतं. धूरही या गार हवेच्या थरातच अडकतो. दम्याच्या रुग्णांनी पहाटेचं फिरणं ऊन पडेपर्यंत लांबवावं, हे मला आग्रहाने सांगावंसं वाटतं.

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की चित्र उलटतं. पूर्वेकडून दमट वारा येतो, ढग पांघरुणासारखे उष्णता धरून ठेवतात. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस 'फेंगल' चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ धडकलं आणि महाराष्ट्रातली थंडी डिसेंबरच्या सुरुवातीलाच ओसरली.

थंडीची ही ये-जा मोसमी अंदाजात दिसत नाही: हवामान खात्याचा डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज तीन महिन्यांची सरासरी सांगतो, एखाद्या आठवड्याची लाट नव्हे. ऊस तोडणीसाठी, भाजीच्या फवारणीसाठी रोजचा जिल्हा अंदाजच पाहावा. कारण कोरडी थंडी उसाचा साखर उतारा वाढवते. ढगाळ दमट हवेत मात्र द्राक्ष आणि भाजीवर बुरशी लवकर चढते.