खरी कुस्ती, खोटी कुस्ती

डिसेंबर महिन्यात चेन्नईची सभागृहे संगीताच्या मैफलींनी भरून जातात. अशाच एका सकाळी माझे एक जुने सहकारी मैलापूरहून पायी चालत माझ्याकडे आले. कचेरीत असताना त्यांनी कधी आवाज चढवल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र खुर्चीवर टेकण्याआधीच त्यांनी विषय काढला. त्यांची चोवीस वर्षांची नात गेली चार वर्षे मिश्र मार्शल आर्टच्या लढती लढते आहे. जाळीने वेढलेल्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा, पकडी असे सारेच जिथे चालते, तो हा खेळ. आता तो सोडून ती व्यावसायिक कुस्तीत, म्हणजे दूरचित्रवाणीवर झगमगाटात दिसणाऱ्या त्या रिंगणातल्या कुस्तीत जाऊ पाहत होती.

"पिंजऱ्यात उतरली तेव्हा मी अडवले नाही," ते म्हणाले. "नाकाचे हाड मोडले, तेव्हाही अडवले नाही. तिथला निकाल तरी खरा होता. आता ही ठरवून पडणार आणि ठरवून जिंकणार. तुम्ही इतिहास शिकलात, सरकारात फायली पाहिल्यात. तुम्हीच तिला समजवा."

मी चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत जे वाचले आणि आठवले ते इथे मांडतो, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही.

त्या मुलीच्या डोळ्यांसमोर कोण असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. अमेरिकेची रोंडा राउझी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ज्युदोत कांस्यपदक जिंकून आली. पिंजऱ्यातल्या लढतींची सर्वांत मोठी संस्था यूएफसी. तिचे प्रमुख एकेकाळी म्हणत, की आमच्याकडे स्त्रिया कधीही लढणार नाहीत. २३ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याच संस्थेची पहिली स्त्री-लढत झाली आणि ती राउझीने जिंकली. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्न येथे होली होमने तिला हरवले आणि डिसेंबर २०१६ मध्ये अमांडा नुनिसने अवघ्या ४८ सेकंदांत. २०१८ मध्ये राउझी व्यावसायिक कुस्तीत उतरली. एप्रिल २०१९ मध्ये न्यू जर्सीत डब्ल्यूडब्ल्यूईच्या वार्षिक सोहळ्याची अखेरची, मानाची कुस्ती इतिहासात प्रथमच स्त्रियांनी खेळली. त्या तिघींपैकी ती एक होती.

या वाटचालीकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. हरलेली योद्धा नाटकात गेली, ही एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा स्वतः राउझीने २०२४ मध्ये जगापुढे ठेवली. ज्युदोच्या दिवसांपासून मेंदूला बसलेले धक्के आपण वर्षानुवर्षे लपवत आलो, असे तिने सांगितले. ज्या खेळाचा निकाल खरा होता, त्या खेळात तिला आपल्या डोक्याची अवस्था खरेपणाने सांगता येत नव्हती.

निकाल आधी ठरलेला असणे ही फसवणूक आहे का? फडावर जिंकण्या-हरण्यासाठी म्हणून लावलेली कुस्ती आतून ठरवून खेळली, तर ती नुरा कुस्ती. तिला कोणी माफ करू नये. पण जिथे तिकीट काढणाऱ्यालाही ठाऊक असते की हा खेळ रचलेला आहे, तिथे फसवले कोणाला? आपल्या परंपरेला हा प्रकार अनोळखी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात मल्लांचा आहार, सराव आणि लढती यांचे वर्णन येते ते राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये. 'मल्लविनोद' असेच त्याचे नाव आहे.

माझ्या नोकरीची काही वर्षे मुंबईत गेली. तिथे १९२३ चा करमणूक शुल्काचा कायदा हाताळावा लागे. त्यातली करमणुकीची व्याख्या मला अजून पाठ आहे: पैसे घेऊन प्रवेश दिलेले कोणतेही प्रदर्शन, प्रयोग, मनोरंजन, खेळ किंवा क्रीडा. खरी कुस्ती आणि रचलेली कुस्ती असा भेद त्या व्याख्येत नव्हता. वसुलीच्या वेळी सरकारने दोन्हींना एकाच पंगतीत बसवले. जबाबदारी घेण्याची वेळ आली, की मात्र पंगती वेगळ्या होतात.

चेन्नईचेच उदाहरण घेऊ. उत्तर चेन्नईच्या कामगार आणि कोळी वस्त्यांत मुष्टियुद्धाची जुनी घराणी आहेत. 'सारपट्टा परंपरै' या २०२१ च्या तमिळ चित्रपटाने त्यांची ओळख देशभर करून दिली. त्याआधी २०१६ मध्ये सुधा कोंगरा यांचा 'इरुधी सुत्रु' आला. हिंदीत तो 'साला खडूस' या नावाने झळकला. त्यात मासळी विकणाऱ्या उत्तर चेन्नईच्या मुष्टियोद्धा मुलीची भूमिका रितिका सिंग हिने केली. रितिका मूळची मुंबईची, खरोखरची किकबॉक्सर. २००९ च्या आशियाई इनडोअर क्रीडास्पर्धेत ती भारताकडून उतरली होती आणि नंतर सुपर फाइट लीगच्या पिंजऱ्यातही लढली होती. या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या अभिनयाचा विशेष उल्लेख झाला.

चित्रपटातले ठोसे आधी ठरलेले होते, अखेरचा निकाल तर संहितेतच लिहिलेला होता. तरी पिंजरा सोडून ही मुलगी खोटेपणाकडे गेली, असे कोणी म्हटले नाही. माझ्या सहकाऱ्यांनी तो चित्रपट दोनदा पाहिला होता. मग ज्या कौशल्याला पडद्यावर आपण कला म्हणतो, तेच रिंगणात, कॅमेरा न थांबवता, दुसऱ्या प्रयत्नाची सोय नसताना दाखवले, की ते लाजिरवाणे का ठरावे?

याचे उत्तर शोधताना मला हमीदा बानू आठवली. मिर्झापुरात जन्मलेली आणि अलीगढला तयार झालेली ही पैलवान. १९५४ मध्ये तिने पुरुष पैलवानांना जाहीर आव्हान दिले, की जो मला चीत करील त्याच्याशी मी लग्न करीन. त्याच वर्षी बडोद्यात तिने बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत पाडले आणि मुंबईत रशियाच्या वेरा चिस्तिलीनला मिनिटाच्या आत. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती मात्र कुस्ती महासंघाच्या विरोधामुळे रद्द झाली. दुसऱ्या एका फडावर पुरुषाला हरवल्यानंतर प्रेक्षकांनी तिच्यावर दगड भिरकावले. ही कुस्ती खोटी, अशी ओरड झाली.

हमीदाने मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. त्यांचे उत्तर असे होते, की ती स्त्री आहे म्हणून कुस्त्यांना बंदी नाही. आयोजक तिच्यासमोर नावापुरते प्रतिस्पर्धी उभे करतात, अशा तक्रारी आल्या आहेत. आयुष्यभर सरकारी उत्तरे लिहिली असल्यामुळे मला या उत्तराची बांधणी ओळखीची वाटते. तक्रार आयोजकांविरुद्ध होती, कुस्त्या बंद झाल्या त्या पैलवानाच्या. तिच्या काही कुस्त्या रचलेल्या असतीलही. पण आयोजकांनी तिला काय दिले, दुखापत झाली तर कोण पाहणार होते, हा प्रश्न त्या पत्रव्यवहारात कुठे दिसत नाही. तिच्या नातवाने पुढे सांगितल्याप्रमाणे, युरोपला जाण्यापासून रोखण्यासाठी तिच्या साथीदाराने तिला मारहाण करून हात मोडला. उतारवयात ती कल्याणला दूध विकत असे आणि रस्त्याच्या कडेला घरचे खाद्यपदार्थ. १९८६ मध्ये ती वारली. तिच्या कुस्त्या खऱ्या होत्या की खोट्या यावर आजही वाद घालता येतो. तिचा मोडलेला हात आणि म्हातारपणीचे ते दुकान यांवर वाद नाही.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. आज खऱ्या खेळाला महासंघ आहे, सरकार आहे, ऑलिंपिक आहे. हे मान्य करताना २०२३ साल विसरता येत नाही. त्या वर्षी विनेश फोगट आणि तिच्या सहकारी कुस्तीगीर लैंगिक छळाचे आरोप घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या होत्या आणि २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे विनेशची अंतिम फेरी हुकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती हरियाणातील जुलाना मतदारसंघातून काँग्रेसतर्फे निवडून आली. तिथे तिच्याविरुद्ध आम आदमी पक्षाच्या उमेदवार होत्या कविता दलाल, डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात उतरलेली पहिली भारतीय स्त्री. दलाल यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत वेटलिफ्टिंगचे सुवर्ण मिळवले होते, त्यानंतर सलवार-कमीज घालून त्या अमेरिकेत कुस्ती खेळल्या. एक खऱ्या कुस्तीतून आलेली, दुसरी रचलेल्या कुस्तीतून. दोघी मते मागायला एकाच जिल्ह्यातल्या गावोगाव फिरल्या.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांवर देखरेख करणारे मंडळ आणि तंट्यांसाठी न्यायाधिकरण यांची तरतूद केली. हे पाऊल योग्यच आहे. पण हे छत्र मान्यताप्राप्त क्रीडासंस्थांसाठी आहे. रचलेली कुस्ती ही मुळात स्पर्धाच नसल्यामुळे ती त्याबाहेर राहते. अमेरिकेतही डब्ल्यूडब्ल्यूईचे कुस्तीगीर कर्मचारी मानले जात नाहीत, ते स्वतंत्र कंत्राटदार असतात. निकाल ठरलेला असला तरी दहा फुटांवरून लाकडी फळीवर पडणारी पाठ कोणी आधी ठरवून वाचवत नाही. तेव्हा शासनाने निकालाच्या खरेपणाची चौकशी सोडावी आणि चार साध्या गोष्टी सक्तीच्या कराव्यात: रिंगणापाशी डॉक्टर, दुखापतीचा विमा, डोक्याला मार लागल्यावर ठरावीक विश्रांती आणि कलावंताला समजेल अशा भाषेत लेखी करार. पिंजरा, रिंगण आणि चित्रपटाचा सेट या तिन्ही ठिकाणी हेच नियम चालतील. ज्या राज्याला तिकिटावर कर आकारता आला, त्याला हेही जमेल.

चार दिवसांनी आजोबा आणि नात दोघे आले. "अंकल, तात्तांना तुम्हीच सांगा," असे म्हणत तिने आयोजकांचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. (तमिळ घरांत आजोबांना तात्ता म्हणतात.) मी कसलाही उपदेश केला नाही, अकरा पाने मोठ्याने वाचून दाखवली. तीन वर्षे ती अन्यत्र खेळू शकणार नव्हती, कंपनी मात्र सात दिवसांच्या सूचनेवर तिला काढू शकत होती. रिंगणातले तिचे नाव कंपनीच्या मालकीचे राहणार होते. सहाव्या पानावर उपचारांच्या खर्चाचे कलम होते: सराव व प्रयोगाच्या वेळी झालेल्या दुखापतींची जबाबदारी कलावंताची राहील. मी पेन्सिलीने तिथे रेघ ओढली.

माझे सहकारी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी नातीला विचारले, "म्हणजे मान दुखावली तर इस्पितळाचे पैसे कोण देणार?" निकाल कोण ठरवणार, हे त्यांनी त्या दिवशी पुन्हा विचारले नाही.

तिने कागद परत घेतले आणि सहावे, नववे व दहावे कलम बदलून मागणारे पत्र माझ्याच टेबलावर बसून लिहिले. आजोबांनी त्यातले व्याकरण तपासले. आयोजकांचे उत्तर अजून आलेले नाही. तोपर्यंत ती रोज पहाटे सरावाला जाते आणि हल्ली तिला सोडायला आजोबा जातात.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)