पोटावरची पिशवी आणि रात्रीची झोप



गेल्या पावसाळ्यात आष्टी तालुक्यातील एका पारधी वस्तीवर गेले, तेव्हा एक भाऊ भिंतीला टेकून पेंगत बसलेले दिसले. टायफॉइडने लहान आतड्याला छिद्र पडल्यामुळे डॉक्टरांनी त्यांच्या आतड्याचे टोक पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढले होते. या तोंडाला स्टोमा म्हणतात. मळ तिथे चिकटवलेल्या पिशवीत जमा होतो. जीव वाचला, पण झोप गेली.

"ताई, कुशीवर झालो अन् पिशवी फुटली तर? लेकरं शेजारीच निजत्यात," ते म्हणाले. पिशवी भरू नये म्हणून त्यांनी रात्रीची भाकरी सोडली होती आणि पाणीही तोडले होते.

खरा धोका इथेच होता. लहान आतड्याच्या स्टोमातून मळ पातळ येतो आणि त्याबरोबर शरीरातले पाणी व मीठही जाते. पाणी तोडले तर चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. म्हणून जेवण बंद करायचे नाही, ते झोपण्याआधी दोन-तीन तास उरकायचे. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यायचे. जलसंजीवनी किती घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून ठेवायचे.

मग आम्ही गोधडीवरच निजण्याची तयारी केली. निजण्यापूर्वी पिशवी रिकामी करायची, आणि रात्री एकदा उठून पाहायचे. एक तृतीयांश भरली की ओतून टाकायची, कारण जड पिशवी कातडीपासून सुटू लागते.

सुरुवातीला उताणे निजणे सोपे. गुडघ्यांखाली घडी केलेली चादर ठेवली की पोटावरचा ताण कमी होतो. कुशीवर निजायचे तर स्टोमा उजवीकडे असल्यास डावी कूस बरी. पोटाजवळ लहान उशी ठेवून पिशवी तिच्यावर टेकवावी, म्हणजे ती ओढली जात नाही. जखम भरल्यावर स्टोमाच्या कुशीवरही निजता येते. पालथे मात्र टाळावे. पायजम्याची नाडी स्टोमावर आवळू नये. अंगाखाली प्लास्टिक आणि त्यावर जुने सुती लुगडे अंथरले की गळतीची धास्ती कमी होते.

स्टोमाला स्पर्शाची वेदना कळत नाही, म्हणून सकाळी तो डोळ्यांनी पाहावा. तोंडाच्या आतल्या भागासारखा लाल आणि ओलसर असेल तर ठीक. काळा-जांभळा पडला, किंवा मळ थांबून पोट दुखू लागले, तर तडक दवाखाना गाठावा.

ही भीती फार जुनी आहे. डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेनसेन यांची बहीण गळतीच्या धास्तीने घराबाहेर पडेना. तिच्यासाठी त्यांनी 1954 मध्ये चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. आज मुंबईतील ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया अशा रुग्णांना मार्गदर्शन करते.

एलीया संदेष्टा रानात खचून निजला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. आधी भाकर आणि पाणी दिले, मग पुन्हा निजू दिले. आपल्या सेवेचा क्रमही तोच असावा.

पुढच्या भेटीत वहिनी हसून म्हणाल्या, "आता घोरत्यात!" काही महिन्यांनी या भावांचे आतडे पुन्हा जोडायचे आहे. त्या शस्त्रक्रियेसाठी प्रार्थना करा. तुमच्या मंडळीत कोणी पिशवीसह जगत असेल, तर रात्री झोप लागते का, एवढे जवळ बसून विचारा.