हृदयाचा विद्युतमार्ग आणि ईसीजीचा आलेख

हृदयाचा प्रत्येक ठोका हृदयातच उत्पन्न होणाऱ्या विद्युत आवेगाने सुरू होतो. मेंदूकडून येणाऱ्या मज्जातंतूंमुळे ठोक्यांची गती वाढते किंवा मंदावते, पण ठोका सुरू करायला त्यांची गरज नसते. हा आवेग निर्माण करून तो ठरलेल्या क्रमाने हृदयभर पोचवणारी यंत्रणा म्हणजे हृदयाची संवहन संस्था. ती मज्जातंतूंची नव्हे, तर खास घडणीच्या स्नायुपेशींची बनलेली असते. तिच्या कामाची त्वचेवरून घेतलेली नोंद म्हणजे इलेक्ट्रोकार्डिओग्राम, अर्थात ईसीजी.

आवेगाचा उगम एसए नोडमध्ये होतो. वरची महाशीर उजव्या अलिंदाला, म्हणजे हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याला, जिथे मिळते तिथे ही छोटी गाठ असते. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी 1907 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. इतर स्नायुपेशी आवेग येईपर्यंत स्वस्थ असतात. या गाठीतल्या पेशींना मात्र स्थिर विश्रांती नसते. सोडियम आणि कॅल्शियमचे आयन हळूहळू आत झिरपतात, पेशीचा ऋण विद्युतभार कमी होत जातो आणि ठरावीक पातळी गाठताच आवेग सुटतो. विश्रांत अवस्थेत प्रौढ माणसात हे मिनिटाला 60 ते 100 वेळा घडते.

आवेग दोन्ही अलिंदांत पसरला की ती आकुंचन पावतात. अलिंदे आणि खालचे दोन कप्पे, म्हणजे निलये, यांच्यामध्ये वीज वाहू न देणारा तंतुमय पडदा असतो. निरोगी हृदयात तो ओलांडण्याची एकच वाट असते. तिच्या तोंडाशी एव्ही नोड असते. जर्मनीत मारबुर्ग इथे काम करणारे जपानी संशोधक सुनाओ तवारा यांनी 1906 साली तिची रचना उलगडली. इथे आवेगाचा वेग सेकंदाला सुमारे 5 सेंटिमीटरपर्यंत उतरतो आणि साधारण 0.1 सेकंदाचा विलंब होतो. हा विलंब अत्यावश्यक आहे. तेवढ्या अवधीत अलिंदांतले रक्त निलयांत उतरते. वरचे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आवळले गेले असते तर निलये पुरती भरलीच नसती.

पुढची वाट विल्हेल्म हिस यांनी 1893 मध्ये वर्णिलेल्या हिस जुडग्यातून जाते. त्याच्या उजव्या आणि डाव्या शाखा निलयांमधल्या पडद्यावरून उतरतात आणि पुर्किंये तंतूंच्या जाळ्यात विखुरतात. यान पुर्किंये यांनी हे तंतू 1839 साली मेंढीच्या हृदयात पाहिले होते. इथे आवेग सेकंदाला 2 ते 4 मीटर वेगाने धावतो, म्हणून दोन्ही निलये जवळजवळ एकाच क्षणी आवळतात. एसए नोड बंद पडली तर एव्ही नोडच्या परिसरातून मिनिटाला 40 ते 60, आणि तेही न जमल्यास निलयांतून 20 ते 40 ठोके निघू शकतात.

शरीरातले द्रव विद्युतवाहक असल्याने या प्रवासाचे क्षीण पडसाद त्वचेपर्यंत पोचतात. 1887 साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी ते मानवी शरीरावरून प्रथम नोंदवले. त्यांचे केशनळीतल्या पाऱ्याचे उपकरण संथ होते. नेदरलंड्समधल्या लायडन इथे विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तंतू गॅल्व्हॅनोमीटर तयार केला. प्रबळ विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म तंतू ताणलेला असे. हृदयाच्या विजेने तो हले आणि त्याची सावली सरकत्या फोटोपट्टीवर उमटे. रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवावे लागत. यंत्राचे वजन सुमारे 270 किलो होते. या कामासाठी आइंटहोवेन यांना 1924 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आलेखातल्या लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही नावेही त्यांनीच दिली.

आज हातापायांवर चार आणि छातीवर सहा अशी दहा इलेक्ट्रोड लावून बारा लीड मिळवतात. प्रत्येक लीड त्याच विद्युतप्रवासाकडे वेगळ्या दिशेने पाहते. आवेग लीडच्या धन टोकाकडे येत असेल तर रेषा वर जाते, दूर जात असेल तर खाली. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. त्यामुळे आडवा एक मिलिमीटर म्हणजे 0.04 सेकंद. उभे 10 मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट.

पी ही लहर अलिंदांच्या उत्तेजनाची. पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंतचा काळ 0.12 ते 0.20 सेकंद असतो. एव्ही नोडमधला विलंब त्यातच मोडतो. उंच, निमुळता क्यूआरएस निलयांच्या उत्तेजनाचा असून तो 0.12 सेकंदांहून कमी काळात संपतो. अलिंदांच्या पूर्ववत होण्याची खूण त्याच्याखाली झाकली जाते. टी लहर निलये पूर्ववत होत असल्याची.

क्रम कुठे बिघडला हे या मोजमापांवरून कळते. पी आणि क्यूआरएसमधले अंतर लांबले तर एव्ही नोडमधील अडथळ्याचा संशय येतो; पी आणि क्यूआरएस परस्परांशी संबंध न ठेवता आपापल्या गतीने चालू लागले तर पूर्ण हृदयरोध. हिस जुडग्याची एखादी शाखा बंद पडली की तिकडचे निलय उशिरा उत्तेजित होते आणि क्यूआरएस रुंदावतो. अलिंदे नुसती थरथरत असतील तर पी दिसेनाशी होते आणि ठोक्यांमधली अंतरे अनियमित होतात. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला तर दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी भाग, म्हणजे एस आणि टी यांमधली रेषा, उचललेला दिसतो.

ईसीजी हृदयाची वीज दाखवतो, रक्त ढकलण्याची ताकद नव्हे. ती पाहण्यासाठी इकोकार्डिओग्राफी, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी, करावी लागते. शिवाय पट्टीवर काही सेकंदांचेच काम उमटते. मधूनच येणारा बिघाड पकडण्यासाठी 24 तास किंवा त्याहून अधिक काळ सतत नोंद घेणारे होल्टर यंत्र लावतात. हृदयविकाराच्या झटक्याच्या सुरुवातीलाही पट्टी निर्दोष दिसू शकते. त्यामुळे छातीत दुखणे चालू असेल तर ईसीजी पुन्हा काढतात आणि तो रक्तातील ट्रोपोनिन या हृदयस्नायूतल्या प्रथिनाच्या तपासणीशी ताडून पाहतात.