मोटार गेली, नाव कोणाचे घ्याल?

शेतकरी बंधूंनो, विहिरीवरची मोटार गेली की जामखेड तालुक्यात पहिले बोट पारध्याच्या पालाकडे जाते. पीक पिवळे पडले तर आपण मूळ उपटून पाहतो. इथे मात्र न बघताच रोग ठरतो. ही खोड इंग्रजांची. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, संशय राहिला.

२००३ मध्ये नाशिककडे शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, खून झाले. भटक्या जमातीच्या सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी ठरवली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सोडले, प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. साक्षीदाराने फोटोवरून आधी दुसरेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही! सोळा वर्षे निरपराधांची गेली, खरे गुन्हेगार मोकळे.

तेव्हा फिर्यादीत डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगा. पोलीस पाटलांनी अटक झालेल्याच्या घरच्यांना सांगावे की २४ तासांत कोर्टापुढे उभे करावेच लागते. पारधी अनुसूचित जमातीत आहेत. त्यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. अटकेनंतर कोठडीतल्या माणसाला त्यासाठी जातीचा दाखला लागत नाही.

खरे अडते जामिनाला. जामीन मंजूर होतो, पण सातबारावाला जामीनदार उभा राहत नाही आणि पालाला पत्ता नसतो. सरपंचांनो, माणूस आपल्याच गावचा आहे एवढे लेटरहेडवर लिहून दिलेत तरी वकिलाच्या हाताला काही लागते.