ई-पुस्तकांच्या दुकानातले रिकामे कप्पे

ई-पुस्तकांच्या दुकानात ‘श्यामची आई’ सहज मिळते. मात्र १९७०च्या आसपास आलेली, पुढे न छापलेली एखादी चांगली कादंबरी शोधायला गेलं की बहुतेकदा हात हलवत परतावं लागतं. खप हे त्याचं एक कारण आहेच. पण त्याआधी हक्क आणि फाइल या दोन अडचणी आडव्या येतात.

आधी हक्कांचं पाहू. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. ‘श्यामची आई’चे लेखक साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११पासून त्यांची पुस्तकं कुणालाही काढता येतात. जॉर्ज ऑर्वेलही १९५० सालीच गेला. त्याची ‘१९८४’ इथे मुक्त आहे, अमेरिकेत मात्र नाही. २००९ साली तिथे हक्क नसलेल्या विक्रेत्याने ती किंडलवर विकली आणि ॲमेझॉनने ती ग्राहकांच्या यंत्रांतूनही काढून घेतली. पैसे परत दिले, पण पुस्तक गेलंच! म्हणजे दुकानाचं नाव एक असलं तरी देशागणिक माल बदलतो.

मधल्या पिढीचं दुखणं वेगळं. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांचे हक्क २०३६ अखेरपर्यंत वारसांकडे किंवा त्यांनी ज्यांना दिले त्यांच्याकडे राहणार. खांडेकरांना वाचक आहेत, प्रकाशक आहेत. विस्मृतीत गेलेल्या लेखकाचे वारस कुठे शोधायचे? जुन्या करारांत ई-पुस्तकाचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नव्हता. करार करताना जे माध्यम व्यापारात नव्हतं, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय दिले गेले असं धरता येत नाही, अशी तरतूद २०१२ साली कायद्यात आली. लेखकांच्या दृष्टीने ती योग्यच. पण अशा पुस्तकासाठी विखुरलेल्या वारसांच्या सह्या गोळा करण्याचा खटाटोप कोण करणार?

सह्या मिळाल्या तरी फाइलचं काम उरतंच. युनिकोड रुळण्याआधी मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवली जात. त्या फॉन्टमध्ये अक्षरं साधारणपणे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जात. ‘किती’ची पहिली वेलांटी ‘क’च्या आधी, ‘धर्म’चा रफार ‘म’च्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही क्रम उलटे. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने रफार हलवला नाही की ‘धर्म’चा ‘धमर्’ होतो. असे शब्द पानोपानी शोधायला मुद्रितशोधक लागतो आणि त्याचे पैसे मोजायची तयारी क्वचितच दिसते. म्हणून काही जण पानांचे फोटो काढून पीडीएफ विकतात. मोबाइलवर ती वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा! अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते.

नव्या पुस्तकांना हे अडथळे कमी. २०१६च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर येऊ लागली आणि आता लेखक स्वतःच फाइल चढवू शकतो. पण त्याने किंडलची एकाधिकार योजना निवडली, तर ते ई-पुस्तक ९० दिवस दुसरीकडे विकता येत नाही. मग ते बुकगंगासारख्या दुसऱ्या दुकानात दिसत नाही. उलट, प्रकाशकाचा करार फक्त बुकगंगाशी असेल तर किंडलवर शोधून उपयोग नाही. शीर्षक एका ठिकाणी सापडलं नाही म्हणून ते ई-रूपात नाहीच, असं धरू नये. नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत टाकून पाहावं, कारण काही जण पुस्तकाची नोंद फक्त रोमन लिपीत करतात. आणि विकत घेण्याआधी नमुन्याची फुकट पानं उघडून रफार तेवढे तपासावेत.